गावातला गीतकार गेला, आता त्याची गाणी त्याच्या नावासकट कशी जपायची

आपल्याकडे गाणी लिहिणारा माणूस गेला की पहिल्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसला त्याचा फोटो, मंग तेरवी, मंग कोणीतरी म्हणते की मोठा कार्यक्रम घेऊ, आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याचंच गाणं चौकात भोंग्यावर वाजत असते तेव्हा खाली उभी असलेली पोरं म्हणतात हे तर अमक्या गायकाचं गाणं हाये. गाणाऱ्याचं नाव राहते, लिहिणाऱ्याचं जाते, हे काही आजचं नाही. सुरेश भट आपल्या अमरावतीचे, १५ एप्रिल १९३२ चा जन्म, १४ मार्च २००३ ला नागपुरात गेले, रेशीमबागेत त्यांच्या नावाचं एवढं मोठं सभागृह उभं झालं, तरी त्यांची कितीतरी गाणी लोक अजून मंगेशकरांची गाणी म्हणूनच ओळखतात. एवढ्या मोठ्या माणसाचं असं, तर तालुक्यातल्या कव्वाली पार्टीला गाणी लिहून देणाऱ्याचं, दंडारीची, म्हणजे गावातल्या नाच-गाण्याच्या लोकनाट्याची, गाणी रचणाऱ्याचं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाला गाणी पुरवणाऱ्याचं काय होत असन, तुम्हीच विचार करा.

जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून ते आपलं नाव गाण्यातच बांधून ठेवत. तुकडोजी महाराजांच्या भजनात शेवटी "तुकड्या" येते, वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी "वामन" येते. पण आता काय होते, गायकाला वेळ नसते, पब्लिकले धिंगाणा पाहिजे असते, तो मुखडा आणि दोन अंतरे गाऊन मोकळा, आणि नाव नेमकं राहते शेवटच्या अंतऱ्यात. म्हणजे आपणच स्टेजवरून त्या माणसाचं नाव कापून टाकतो आणि मागं त्याचाच हार घातलेला फोटो ठेवतो. मला विचाराल तर गीतकाराचा मान म्हणजे एवढंच, शब्द पूर्ण आणि नाव सोबत, बाकी फ्लेक्स, शाल-श्रीफळ, जेवण हे सगळं त्याच्यानंतर. आमच्या भागात असे कार्यक्रम उभे करण्यात हात घातलेला आहे, म्हणून काय कामात येते आणि काय नुसता देखावा राहते ते सांगून राहिलो.

आधी वही, मंग बॅनर

तेरवी झाली, पाहुणे गेले, घर थोडं शांत झालं की मंग जा, त्याच्या आधी नको. घरच्यांना सरळ सांगा की आम्हाला वही न्यायची नाही, फक्त इथंच बसून फोटो काढायचे. हे फार महत्त्वाचं हाये, कारण नेलेली वही वापस येत नाही हा आपल्याकडचा जुना अनुभव, कोणी पीएचडीवाला घेऊन जाते, कोणी गायक घेऊन जाते, आणि दहा वर्षांनी तीच गाणी भलत्याच नावानं ऐकू येतात. आणि दोन भावांची वाटणी झाली असेल तर दोघांनाही विचारा, एकालाच विचारून काम सुरू केलं की दुसरा रुसतो आणि त्याच्याकडची अर्धी गाणी कायमची पेटीत बंद.

आणि वही म्हणजे एकच वही समजू नका. हे लोक जिथं कागद दिसला तिथं लिहितात. कृषी केंद्रवाल्यानं दिलेली डायरी, कॅलेंडरच्या मागची बाजू, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, पोरांच्या शाळेच्या वहीची शेवटची पानं, कापसाच्या हिशोबाच्या मधात चार ओळी. हिशोबाचं पान म्हणून फेकू नका, त्या हिशोबावर तारीख असते आणि गाणं कधीचं ते तिथूनच कळते.

फोटो मोबाईलनंच काढायचे, पण दिवसा, दाराजवळ किंवा ओसरीत सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, वही सपाट ठेवून मोबाईल वरून सरळ धरायचा. प्रत्येक पान, कोरं असलं तरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानं, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मधातली पानं कुठं गेली. उधई (वाळवी) लागलेली वही असेल तर आधी वाळू द्या, सावलीत, उन्हात नको, मऊ ब्रशनं झाडा, चिकटलेली पानं जोर लावून ओढू नका. आणि बाप्पा, लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, दोन्हीनं कागद कायमचा खराब होते. सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवली तरी पुष्कळ वर्षं टिकते.

मंग टायपिंग. गावातली कॉलेजची पोरं-पोरी हे काम फटाफट करतात, मोबाईलवर बोलूनही मराठी टाईप होते, फक्त नंतर मूळ फोटो समोर ठेवून ओळ न ओळ तपासायची. इथं एक गोष्ट सांगून ठेवतो कारण शिकलेली माणसं इथंच घोळ करतात. गीतकारानं "मले" लिहिलं असेल तर "मले"च ठेवा, "काहून"चं "का" करू नका, "जाऊन राह्यला"चं "जात आहे" तर अजिबातच नको. एक म्हणजे ते त्यांचं बोलणं हाये, आणि दुसरं म्हणजे शब्द बदलला की मात्रा बिघडते, यमक जाते, मंग ढोलकीवाला म्हणते हे गाणं तालात बसतच नाही. गाणं बसत होतं, आपल्या मास्तरनं ते शुद्ध केलं. ज्याचा अर्थ नव्या पोरांना लागणार नाही असा शब्द असेल तर खाली छोट्या अक्षरात अर्थ द्या, वर हात लावू नका. एकाच गाण्याचे दोन पाठ सापडले तर दोन्ही ठेवायचे, कोणता नंतरचा ते घरचे किंवा जुने गायक सांगतात.

प्रत्येक गाण्याच्या वर चाल कोणती ते लिहा. आपल्याकडची अर्धीअधिक गाणी कोणत्या तरी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर रचलेली असतात, ह्यात लाज कसली, जयंतीच्या आठ दिवस आधी गाणं पाहिजे असते आणि लोकांना ओळखीच्या चालीवर लगेच कोरस धरता येते. पण चाल लिहून ठेवली नाही तर पन्नास वर्षांनी नुसते शब्द राहतात आणि कोणाला ते गाताच येत नाही. स्वतःची चाल असेल तर ती कागदावर नाही, रेकॉर्डिंगवरच पाहिजे, भजनी मंडळातली एखादी म्हातारी आजी थरथरत्या आवाजात गाते ना, तेवढं जरी मोबाईलमध्ये पकडलं तरी चाल वाचली.

कॅसेटचा डबा

ऐंशी-नव्वदच्या काळातला माणूस असेल तर घरात कॅसेटी असतातच, कुठंतरी माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात. सापडली की आनंदानं लगेच टेपमध्ये टाकून वाजवायची नाही. आधी खिडकीतून पाहा, फितीवर पांढरी बुरशी दिसते का, दिसली तर ती कॅसेट वेगळी ठेवा, ती वाजवली की मशीनचं हेड खराब होते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना ती बुरशी लागते. चांगली दिसत असेल तर वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे खुटके तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटन दाबलं तरी पुसली जाणार नाही. मंग पेन्सिल घालून हातानं थोडी फिरवा, मशीनमध्ये एकदा शेवटापर्यंत पुढं आणि एकदा वापस गुंडाळा, फीत मोकळी होते, आणि तेव्हाच वाजवा. टेपचं हेड कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं, मेडिकलमध्ये किंवा मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे मिळते.

टेपच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माईकच्या भोकात वायर, आणि ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर, बस एवढंच लागते. नव्या लॅपटॉपला ते भोक नसते, तेव्हा छोटं यूएसबी साऊंड कार्ड घ्या. स्पीकरसमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करणं हा शेवटचा उपाय, त्यात पंखा, कोंबडा, गल्लीतली मोटरसायकल सगळंच येते. मूळ रेकॉर्डिंग वेव्ह फाईलमध्ये ठेवा, एका मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबी धरा, आणि व्हॉट्सॲपवर फिरवायला वेगळी एमपी-थ्री बनवा. खरखर काढायच्या नादात आवाजच पातळ होते म्हणून मूळ फाईलला हात नाही, जे करायचं ते कॉपीवर. आणि मधात कोणी खोकलं, कोणी म्हटलं "ए लाईन गेली रे", ते कापू नका, तेच तर ऐकायचं असते.

तीन कॉप्या, तीन घरी. एक घरच्यांकडे पेनड्राईव्हवर, एक गावातल्या वाचनालयात किंवा शाळेत, एक गूगल ड्राईव्हवर, तिथं १५ जीबी फुकट मिळते. एकाच पोराच्या लॅपटॉपमध्ये सगळं आहे ह्याचा अर्थ काहीच नाही असा धरायचा.

घरात नाही सापडलं तर कुठं शोधायचं? नागपूर आकाशवाणी १९४८ पासून चालू आहे, अकोला, यवतमाळ, चंद्रपूरलाही केंद्रं आहेत. तिथं गाणं झालं असेल तर घरी करारपत्र आलेलं असते, त्यावर तारीख आणि कार्यक्रमाचं नाव असते, ते पत्र हातात घेऊन केंद्रावर गेलात तर विचारायला तोंड राहते. भीमगीतं लिहिणाऱ्यांच्या छोट्या पुस्तिका दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जे पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथल्या जुन्या विक्रेत्यांना विचारा, त्यातल्या काही लोकांच्या डोक्यात कोणती पुस्तिका कोणी छापली हे सगळं पाठ असते. आणि कॅसेटच्या कव्हरचा कागद फेकू नका, त्याच्यावर बारीक अक्षरात "गीत" असं लिहून पुढं नाव असते, पुढं-मागं वाद झाला तर तोच पुरावा.

माणसांना विचारताना

पहिला प्रश्न जन्मतारखेचा विचारला की म्हातारा माणूस घाबरते, त्याला वाटते सरकारी फॉर्म भरून राहिले. त्याच्यापेक्षा विचारा की ते कुठं बसून लिहायचे, पहिल्यांदा कोणाला ऐकवायचे, कोणतं गाणं स्टेजवर पडलं. पडलेल्या गाण्याची गोष्ट सगळे हसून सांगतात आणि मंग बाकीचं आपोआप निघते. सगळ्यात जास्त बायकोला माहीत असते. ती म्हणते "मले काय समजते गाण्यातलं", आणि पाच मिनिटांनी सांगते की हे गाणं मोठी पोरगी पोटात होती तेव्हाचं, सोयाबीन सोंगायला गेले होते आणि धुऱ्यावर बसून लिहिलं. तिला आधी विचारा, तिला माईकसमोर बसवू नका, चूल-गॅसजवळ बसूनच बोलू द्या, मोबाईल फ्लाईट मोडवर टाकून बाजूला ठेवा आणि रेकॉर्ड करतो हे सांगून करा. कूलर तेवढा बंद करा.

मंग ढोलकीवाला, बँजोवाला, पेटीवाला, कोरसमधले. मुख्य गायक जे सांगते त्यात स्वतःच जास्त असते, असो, पण मागं बसणाऱ्यानं सगळं पाहिलेलं असते.

तारखांचं मात्र कागदावरूनच. जुन्या लोकांची शाळेतली जन्मतारीख १ जुलै किंवा १ जून दिसली की समजायचं की गुरुजींनी टाकली आहे. जिल्हा परिषद शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा, आणि आपल्या विदर्भात एक जास्तीची सोय आहे, कोतवाल बुक, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून त्याची नक्कल मिळते, जातपडताळणीसाठी लोक काढतातच, त्यात गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. खरी तारीख सापडली तर जयंतीचा दिवसच बदलू शकते, म्हणून फ्लेक्स छापायच्या आधी हे काम.

कार्यक्रम कधी आणि कसा

पुण्यतिथीलाच पाहिजे असा काही नियम नाही. पुण्यतिथी जुलैत येत असेल तर पेरणी-डवरणी चालू, चिखल, लाईनचा भरोसा नाही, कोण येणार. मे मध्ये चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जाते, दिवसाचा कार्यक्रम म्हणजे लोकांना शिक्षा. दसरा-दिवाळीच्या मधात सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणी. आणि कलाकारांचं पाहावं लागते, एप्रिल-मे मध्ये भीमगीत आणि कव्वालीवाल्या पार्ट्या बुक असतात, वडसा-गडचिरोली पट्ट्यातले झाडीपट्टीचे लोक दिवाळीनंतर होळीपर्यंत रोज रात्री नाटकात. म्हणून जयंती, पुण्यतिथी, किंवा त्यांच्या कामाशी जुळणारा दिवस, जो सोयीचा तो धरा. झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या ओळी, लिहिणारा माणूस असेल तर पोळ्याच्या संध्याकाळपेक्षा चांगला दिवस कोणता, सारं गाव तोरणाखाली आपोआप जमलेलं असते, वेगळा मंडपही नको.

परवानगी दोन ठिकाणी. जागेसाठी ग्रामपंचायत, भोंग्यासाठी पोलीस स्टेशन, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. आपल्याकडे आठचा कार्यक्रम म्हणजे साडेनऊला दीपप्रज्वलन, मंग गाणी म्हणायला अर्धा तास राहते आणि तेवढ्यात पोलीस गाडी येऊन उभी. संध्याकाळी सहाला सुरू करा, आणि सहा म्हणजे सहा, पाहुणे आले नसतील तरी पहिलं गाणं सुरू. आमदार साहेब आठला येतील तेव्हा दोन गाण्यांच्या मधात त्यांचा सत्कार करा, ते पण खूश आणि लोक पण, कार्यक्रम थांबवून वाट पाहायची गरज नाही.

भाषणाबद्दल माझं मत कडक आहे. गीतकाराच्या कार्यक्रमात दोन भाषणं, एक घरच्यांपैकी कोणाचं आणि एक सोबत काम केलेल्याचं, बस. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी, मार्गदर्शक असे चौदा लोक पत्रिकेत टाकले की प्रत्येकाला पाच मिनिटं म्हणजे गाण्याचा सगळा वेळ गेला, आणि त्यातल्या दहा जणांनी त्या माणसाचं एक गाणंही ऐकलेलं नसते, ते "त्यांनी समाजासाठी मोठं योगदान दिलं" एवढं म्हणून बसतात. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनाही आधीच हात जोडून सांगा की आज मधात तुमच्या चारोळ्या नको सर, आज फक्त त्यांचे शब्द. तुकडोजी महाराजांच्या मोझरीला पाहा, महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, आजही पुण्यतिथी महोत्सवात ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक मौन उभे राहून श्रद्धांजली देतात, तिथं त्या वेळेला कोणाचंच भाषण नसते. आपलं गाव छोटं, आपण एक मिनिट मौन आणि लगेच गाणं एवढं तर करू शकतोच.

गाणी किती घ्यायची तर जेवढी पूर्ण गाता येतील तेवढीच. चार तासांत वीस पूर्ण गाणी होतात, चाळीस अर्धी करण्यापेक्षा हे बरं. सगळीच हिट नको, लोकांना पाठ असलेलं एक, मंग कधी न ऐकलेलं एक असं मिसळा, त्यातच एखादं लहान पोरांसाठी लिहिलेलं, एखादं लग्नातलं, एखादं दारूबंदीच्या किंवा साक्षरतेच्या मोहिमेसाठी लिहिलेलं, माणूस नुसता एका गाण्याचा नव्हता हे कळलं पाहिजे. प्रत्येक गाण्याआधी निवेदकानं तीन गोष्टी सांगायच्या, लिहिलं कोणी आणि कधी, चाल कोणाची, पहिल्यांदा गायलं कोणी. आणि गायकासोबत पहिल्याच बोलणीत ठरवा की सगळे अंतरे गायचे, शेवटचा तर गायचाच, नाव येते तिथं कोरसनं ते नाव परत घ्यायचं. ऐकायला खरंच भारी वाटते, एकदा करून पाहा, तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून पब्लिक स्वतःहून त्या जागेची वाट पाहाते आणि नाव सगळे मिळून घेतात. नाव न बांधणारा गीतकार असेल तर निवेदकानं गाणं संपल्यावर परत नाव घ्यावं.

मोठ्या गायकाला बोलावून सगळा चंदा त्याच्या मानधनात घालण्यापेक्षा जुनी पार्टी परत जुळवा. पाच-सहा जण वेगवेगळ्या गावात असतात, कोणी कंपनीत वॉचमन, कोणी शेतीत, आपसात बोलत नसलेले पण असतात, पण निमित्त मिळालं की येतात. दोन दिवस आधी एक तालीम ठेवा, विहारात किंवा समाजमंदिरात, वांग्याची भाजी-पोळी आणि चहा दिला की झालं. ऑक्टोपॅड आणि कॅसिओवाल्याला सांगा की जुन्या गाण्याला ढोलकीच्या वर जायचं नाही. खंजिरी भजनवाले असतील तर त्यांना एकच माईक खंजिरीला आणि एक गळ्याला, साऊंडवाले खंजिरीचा आवाज इतका चढवतात की शब्दच कळत नाहीत, आणि शब्द कळले नाहीत तर गीतकाराचा कार्यक्रम कशाला घेतला.

फ्लेक्सवर फोटो कोणाचा मोठा हा वाद दर वेळी होतेच. गीतकाराचा मोठा, बाकी कोणाचाच नाही, वर्गणीदारांची नावं खाली एका ओळीत. फोटोच्या बाजूला त्यांच्या स्वतःच्या अक्षरातल्या चार ओळी वहीतून उचलून छापा, लोक फ्लेक्ससमोर थांबून वाचतात. बिछायतवाला, साऊंड, जनरेटर, जेवण सगळ्यांच्या पावत्या घ्या आणि आठ दिवसांत हिशोब गावासमोर वाचा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी दहा रुपये देणार नाही.

गाण्याचा हक्क आणि यूट्यूब

कार्यक्रमाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायच्या आधी हे वाचा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात, आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या जानेवारीपासून होते. वामनदादा १५ मे २००४ ला गेले, म्हणजे त्यांच्या गाण्यांचा हक्क २०६४ संपेपर्यंत, भटांचा २०६३ संपेपर्यंत. तुमच्या गावातल्या माणसालाही हाच कायदा, नोंदणी केलेली नसली तरी, गाणं लिहिलं तेव्हाच हक्क आला. म्हणून वारसांची एका कागदावर लेखी परवानगी घ्या, सगळ्या वारसांच्या सह्या, कोणती गाणी आणि कशासाठी हे लिहून. तिकीट न लावता हौशी मंडळानं गावात गाणी सादर केली तर कायद्यात त्याला सूट आहे, पण ती सादर करण्यापुरती, नेटवर टाकणं वेगळी गोष्ट.

आणि चाल सिनेमाची असेल तर शब्द आपल्या माणसाचे असले तरी यूट्यूब चालीवरून क्लेम लावते, जाहिरातीचे पैसे त्या म्युझिक कंपनीकडे जातात. घाबरायचं काही नाही, व्हिडिओ बहुतेक वेळा राहते, पण त्याच्यातून कमाई होईल असं घरच्यांना सांगू नका. ज्या गाण्यांची चाल स्वतःची आहे ती वेगळी करून वेगळी टाका, व्हिडिओच्या नावातच "गीत" म्हणून त्यांचं नाव पहिलं, गायकाचं नंतर, आणि खाली पूर्ण शब्द टाईप करून द्या. शोधणारा शब्द टाकूनच शोधते.

कॅसेट कंपनीला ठोक पैशात गाणी विकली होती असं घरचे सांगतील. कागद आहे का विचारा. हक्क द्यायचा तर लेखीच द्यावा लागते, तोंडी व्यवहारानं जात नाही, आणि १९९५ नंतरच्या करारात मुदतच लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराच्या रॉयल्टीचा हिस्सा कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. गाणी अजून रेडिओ, सिनेमा किंवा मोठ्या चॅनेलवर चालत असतील तर आयपीआरएस म्हणून गीतकार-संगीतकारांची संस्था आहे, १९६९ पासूनची, तिथं वारसांना सभासद होता येते. हे काम एखाद्या वकिलाला दाखवून करा, तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्याला हा विषय नवा असेल तर नागपूर-अमरावतीत विचारा.

कार्यक्रम झाल्यावर

पुस्तक काढायचं असेल तर गाणी आधी, आठवणी मागं, आणि शुभेच्छा संदेश नकोच. प्रस्तावनेसाठी मोठ्या नावाच्या मागं दोन वर्षं फिरत बसू नका. विदर्भ साहित्य संघ १९२३ ला अमरावतीत सुरू झाला, आता नागपुरात आहे, त्यांच्या ग्रंथालयाला एक प्रत द्या, नागपूर आणि अमरावती विद्यापीठांच्या मराठी विभागांना एक-एक, तिथून एखाद्या विद्यार्थ्याला विषय मिळते. मराठी विकिपीडियावर पान करायचं तर आपल्या आठवणी चालत नाहीत, छापून आलेला पुरावा लागते, म्हणून कार्यक्रमाची बातमी पेपरात येईल आणि तिच्यात जन्म-मृत्यू, गाण्यांची नावं बरोबर येतील हे पाहा, बातमी स्वतःच लिहून वार्ताहराला द्या, तो खूश होते.

रस्त्याला, वाचनालयाला नाव द्यायचं असेल तर ग्रामसभेत ठराव. बहुतेक गावात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या दिवशी किंवा त्याच्या आसपास ग्रामसभा असते, आधी विषयपत्रिकेत विषय घ्यायला लावा, वेळेवर उठून बोललं की सचिव म्हणते विषय नाही. माझ्या मते चौकाला पुतळा बसवण्यापेक्षा वाचनालयात एक कपाट आणि एक स्पीकर बरा, पुतळ्याच्या जागेवरून गावात भांडण लागते ते वेगळंच.

आणि शेवटचं काम, जे सगळे विसरतात. त्यांना सरकारचं कलावंत मानधन मिळत असेल तर ते गेल्यावर पत्नीला चालू राहू शकते, पण आपोआप वळत नाही, पंचायत समितीत जाऊन मृत्यूच्या दाखल्यासकट अर्ज द्यावा लागते, त्या बाईला हे सांगणारं कोणी नसते, तर तुम्ही सोबत जा. आणि पार्टीतला जो ढोलकीवाला, जो पेटीवाला अजून आहे आणि वय पन्नासच्या वर गेलं आहे, त्याचाही अर्ज भरून घ्या. त्याला कलेचे जुने पुरावे मागतात, पोस्टर, पत्रिका, पेपरचं कात्रण, आकाशवाणीचं पत्र. त्याच्या घरी बहुतेक काहीच नसते, पण गीतकाराच्या पेटीतून तुम्ही जे पोस्टर स्कॅन केले त्यातल्या अर्ध्यांवर खाली "साथसंगत" मध्ये त्याचं नाव सापडते. प्रिंट काढा आणि अर्जाला लावा.